‘हो’ म्हणायला लागणारा वेळ

पेण
३ फेब्रुवारी २०२५

श्री. हैबतराव यांस,

नमस्कार. आमच्या घरून तोंड गोड न करता गेलात, रोह्याला सुखरूप पोचलात हे तुमच्या रितेशकडून कळलं. बरं वाटलं. वाटेत कोणी ‘कुठे निघालात’ असं विचारलं नसावं, नाहीतर अजून नागोठण्यातच उभे असता.

पत्र मुद्दाम साध्या टपालाने पाठवतेय. स्पीड पोस्टचा आणि तुमचा संबंध काय? त्याआधी फोन केला होता. मी ‘हॅलो’ म्हटलं, पलीकडून नुसता श्वास. ‘ऐकताय ना?’ विचारलं, परत श्वास. मी फोन ठेवला, आणि मग तुम्ही ‘बोला’ म्हणालात म्हणे. कोणाशी बोलू? पापड लाटायला बसलेली बाई आहे मी, उन्हाचा एकेक तास मोलाचा असतो आमचा.

आता मुद्द्याचं. मागच्या रविवारी माझ्या दारात, सगळ्या भावकीसमोर, माझ्या भावाने, शिवाने, तुमच्या हातात सुपारी ठेवली आणि विचारलं, ‘काय वो हैबतराव, पोर पसंत हाय ना? सोयरीक कबूल?’ साधा प्रश्न. याचं उत्तर जन्मापासून सगळ्यांना पाठ असतं. मुका असता तर त्याने मान तरी हलवली असती! तुम्ही सुपारीकडे बघत बसलात. चेहरा असा, की आमच्याकडे बाराव्याला आलात. शिवाने परत विचारलं. बायकांत कुजबुज सुरू झाली. तुम्ही आपले मूग गिळून. शेवटी मी ताट उचललं आणि आत गेले. ते खाली ठेवून वळते तोच बाहेरून तुमचा आवाज, ‘कबूल.’ कोणाला कबूल? रिकाम्या पाटाला?

नमिताची पहिली सोयरीक कशी मोडली ते तुम्हाला ठाऊक आहे, आम्ही काही लपवलं नव्हतं. तेही लोक ‘विचार करून सांगतो’ म्हणून गेले. त्यांच्या पोराला आता पोर झालं, पण विचार अजून चालूच असेल. तेव्हा माझी लेक फोन वाजला की दाराआड येऊन उभी राहायची. मी ते डोळ्यांनी बघितलंय. वडील नाहीत तिला, जे काय बघायचं ते मीच बघते. म्हणून त्याच वेळी ठरवलं, ज्याचा विचार करावा लागतो असं माझ्या पोरीत काही नाही, आणि ज्याला करावा लागतो त्याच्या घरात ती जाणार नाही.

तेव्हा सोयरीक मोडली असं समजा. पोरांनी दोन्हीकडे रडारड चालवलीय, ती चालू दे. मला फक्त एक सांगा, माझ्या पोरीत खोट काय दिसली? उत्तर घाईने देऊ नका. तुम्हाला सवय नाही.

इंदुबाई


रोहा
१५ फेब्रुवारी २०२५

इंदुबाई यांस,

सप्रेम नमस्कार. ‘सप्रेम’ हा शब्द रिवाज म्हणून आहे, मनावर घेऊ नका.

पत्र मिळालं. पाकिटाला पापडखाराचा वास होता, पण मिरी सगळी मजकुरात पडलेली दिसली.

खोट विचारता. एकच दिसली, मुलीची आई. बाकी मुलीत काय असणार खोट? चहा आणला तेव्हा माझ्या हाताची पकड बसेपर्यंत तिने बशी सोडली नाही. वर माझ्याकडे बघून हसली. तुमच्या सगळ्या भावकीत एवढं कोणाला सुचलं नव्हतं.

राहिला माझा थांबण्याचा प्रश्न. बाई, मी धाटावला केमिकल कंपनीत उभा जन्म काढला. रिॲक्टरसमोर पहिला धडा हा, की आधी बघ, मग विचार कर, मग व्हॉल्व्हला हात लाव. घाई करणारेही होते आमच्यात. त्यांचे फोटो हार घालून कॅन्टीनमध्ये लावलेत. सवय अंगात मुरते. माणूस सुपारी हातात घेऊन जरा थांबला तर लगेच ताट उचलायचं? देव तरी कुठे नैवेद्यावर झडप घालतो? म्हणून काय त्याच्यापुढचं ताट तुम्ही आत नेता? आणि नेलंत ते नेलंत, पेढ्यांसकट नेलंत.

रितेश जेवत नाही. म्हणजे जेवतो, पण भात चिवडतो आणि फोनकडे बघतो. सेकंड शिफ्ट करून येतो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो. माझा राग माझ्यावर काढा. मी समर्थ आहे. पोरगा नाही.

आपला,
हैबतराव


पेण
१९ फेब्रुवारी २०२५

श्री. हैबतराव यांस,

वा! काय ती जीभ, काय ते टोमणे! आमच्या दारात बसला होतात तेव्हा ही जीभ रोह्यालाच विसरून आला होतात काय?

खरं सांगा, पत्र कोणी लिहून दिलं? रितेश तर नाही, तो गरीब आहे बिचारा, त्याला टोचून बोलता येत नाही. अक्षर तरी कोणाचं ते? पहिली ओळ माणसाची, शेवटची मुंगीची. माझ्याबरोबर पापड लाटते त्या कमळीच्या सुनेला बोलावून वाचून घ्यावं लागलं. कागद वाचवताय की आमचे डोळे फोडताय?

आणि ते रिॲक्टर-बिॲक्टर मला सांगू नका. शिवा मागच्या आठवड्यात तुमच्या रोह्याजवळ निडीला कबड्डीचे सामने बघायला गेला होता. तुम्ही पाहुणे म्हणून खुर्चीत बसला होतात. बाजूला बायकांचं बाक. लाऊडस्पीकर बांधलेला बांबू सुटला आणि बाकावर यायला लागला. कोणी ओरडायच्या आत तुम्ही उठून तो खांद्यावर झेललात! शिवा घरी येऊन हात उडवून सांगत होता, ‘ताय, बिजली गो, नुसती बिजली! या वयात!’ बायकांनी तुमच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं म्हणे.

म्हणजे बांबूसाठी बिजली, आणि माझ्या पोरीसाठी हायवेचं काम. वर्षानुवर्षं चालू, पोचायचं नाव नाही. तुम्हाला पटकन हलता येतं, पटकन ठरवता येतं, हे आता सगळ्या निडीला माहीत झालंय. मग माझ्या दारातलं ते सोंग होतं असंच मी धरणार. नको होती मुलगी तर तसं तोंडावर म्हणायचं. चार लोकांत माझ्या लेकीला उभं करून टांगून ठेवायची काय गरज होती?

आता खरं लिहिणार असाल तरच लिहा. नाहीतर तिकीट फुकट घालवू नका.

इंदुबाई


रोहा
६ मार्च २०२५

इंदुबाई यांस,

खरं लिहितो. खुर्ची ओढून बसा, कारण पत्र मोठं आहे, आणि अक्षर शेवटी पुन्हा मुंगीचं होणार. त्याला इलाज नाही.

मला आजार आहे. लोक त्याला कंपवात म्हणतात, पण माझा हात कापत नाही, म्हणून कोणाला संशय येत नाही. दोन वर्षं झाली. पनवेलच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की मेंदूच्या तळाशी डोपामीन नावाचं एक रसायन असतं, ते कमी पडतंय. आता बघा दैवाची थट्टा. रसायनं बनवण्यात जन्म गेला, आणि नेमकं हेच घरच्या घरी बनेनासं झालं.

मी डॉक्टरांना विचारलं, अक्कल गेली का माझी? ते म्हणाले, अक्कल जागेवर आहे, हातपाय जागेवर आहेत, कमी झालंय ते लाईनीतलं प्रेशर. हे ‘प्रेशर’ माझं, त्यांचा शब्द वेगळा होता. नळ उघडलेला आहे, पाणीही आहे, पण हंडा भरेपर्यंत दुपार होते. आणि गंमत अशी, की हात किती वेगाने उचलायचा आणि हो-नाही किती वेगाने ठरवायचं, या दोन्हींना पाणी बरंचसं एकाच टाकीतून येतं. त्यामुळे सदऱ्याचं बटण लावायला वेळ, ‘चहा घेणार का’ याला उत्तर द्यायला वेळ. चेहराही त्याच नळावर. मला हसू येतं हो, पण ते चेहऱ्यावर येईपर्यंत लोकांचा विनोद संपलेला असतो. अक्षर लहान होत जातं तेही त्यातलंच.

बांबूचं मीही विचारलं. डॉक्टर म्हणाले, अंगावर काही कोसळायला लागलं की मेंदू कधीकधी दुसऱ्या वाटेने हुकूम सोडतो. बाहेरून बसलेला धक्का आतल्या प्रेशरचं काम करून जातो. म्हणजे त्या दिवशी शिवाने माझ्या हातावर सुपारी ठेवण्याऐवजी डोक्यात बांबू घातला असता, तर सोयरीक तिथल्या तिथे झाली असती. पुढच्या वेळी लक्षात ठेवा.

पत्रं मीच लिहितो. एका पानाला दोन-तीन सकाळी जातात. पण कागदावर माणूस थांबलेला दिसत नाही, इंदुबाई. तुम्हाला वाचताना वाटतं मी फटाफट बोलतोय. एवढ्यासाठी मला तुमचं भांडण गोड लागलं. हल्ली माझ्याशी कोणी भांडत नाही. भांडणात माझी पाळी येईस्तोवर समोरचा जिंकून घरी गेलेला असतो.

आता त्या रविवारचं. शिवाचा प्रश्न संपायच्या आधी मी आतून ‘कबूल’ म्हणून मोकळा झालो होतो. तो शब्द तोंडाशी येईना. मी सगळं बघत होतो. बायका कुजबुजताना बघितल्या, तुम्ही ताट उचलताना बघितलं. आणि मग नमिताचं तोंड बघितलं. तिची मान खाली गेली ती मला रात्री अजून दिसते. त्या वेळी मला माझी चीड आली तशी आयुष्यात कधी आली नव्हती, आणि तीसुद्धा चेहऱ्यावर आली नाही.

रितेशला यातलं काही माहीत नाही. त्याची आई गेल्यावर मी त्याला वाढवला, आता त्याला वाटायला नको की बाप गळ्यात पडला. गोळ्या मी पोह्याच्या डब्यात लपवतो. त्याला सांगू नका. बाकी माझी जी शोभा करायची ती करा, पण पोराला माझ्या पायी शिक्षा नको.

हैबतराव


पेण
९ मार्च २०२५

हैबतराव यांस,

पत्र वाचून आधी मला माझा राग आला. मग तुमचा आला. मग परत माझा. शेवटी तुमच्यावरच थांबले, ते सोपं पडतं.

ताट मी उचलायला नको होतं. दम धरायला हवा होता. हे एकदाच लिहितेय, परत परत काढून वाचू नका.

पण आता माझं ऐका. तुम्ही दगड आहात असं मी समजत होते, ते चुकलं. तुम्ही बनेल आहात! आजार लपवून माझी पोर घरात नेणार होतात? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिने पोहे करायला डबा उघडला असता आणि त्यात गोळ्या निघाल्या असत्या, मग काय सांगणार होतात? की पोह्यांच्या फोडणीत घालायच्या आहेत? पहिल्यांनी विचार करण्यात माझ्या पोरीला फसवलं, तुम्ही न सांगण्यात फसवणार होतात. आम्ही आमची मोडलेली सोयरीक लपवली नाही. तुम्ही मोठे रिॲक्टरवाले, तुम्हाला एवढी हिंमत झाली नाही?

आणि हे पोराबाळांत उतरतं का? उत्तर साफ पाहिजे.

रितेशला सांगू नका म्हणालात. नाही सांगितलं. मी नमिताला सांगितलं, पत्र मिळालं त्याच संध्याकाळी. माझ्या पोटात काही राहत नाही, आणि हे तिच्यापासून ठेवायचा मला हक्कही नाही. तिने ऐकलं आणि फोन घेऊन गच्चीवर गेली. म्हणजे माझा चहा निवायच्या आत रितेशला कळलं असणार. शिमगा जवळ आलाच आहे, बोंब तुमच्याकडूनच सुरू होऊ दे.

इंदुबाई


रोहा
२० मार्च २०२५

इंदुबाई यांस,

शिमगा गेला, पण आमच्या घरातलं कवित्व उरलंय. तुमच्या पोटात काही राहत नाही याची खात्री पटली.

आधी साफ उत्तर. डॉक्टर म्हणतात, माझ्या वयात होणारा हा आजार बहुतेक करून पोरांत उतरत नाही. ‘बहुतेक’ हा शब्द त्यांचा आहे, मी तो खोडला नाही. लपवलं हे माझं चुकलं. तुम्ही बनेल म्हणालात, तो शब्द मला लागला, कारण तो बरोबर बसला.

रितेश दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून आला आणि सरळ पोह्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, आता हा भडकणार. तो खाली बसला. म्हणाला, ‘बाबा, मला वाटायचं तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नसतं. मी काही विचारलं की तुम्ही गप्प. मग मी विचारायचंच सोडलं.’ इंदुबाई, दोन वर्षं हा पोरगा समोर बसून जेवत होता आणि त्याला वाटत होतं बापाला आपला कंटाळा आलाय. मी त्याच्यापासून आजार लपवला, पण त्याला दिसायचं ते दिसतच होतं, फक्त त्याने त्याचा अर्थ वेगळा लावला. तो रडला. मीही रडलो, थोडा उशिरा.

आता पुढची मजा ऐका. रितेश मला पनवेलला घेऊन गेला. डॉक्टरांनी जोडीला एक नवी गोळी दिली. चारच दिवसांत हंडा धोधो भरायला लागला! बटणं फटाफट, चालणं फटाफट. आणि त्याच टाकीतून ठरवणंही येतं ना, तेही फटाफट. बाजारात गेलो मिरच्या आणायला. येताना दोन गावठी कोंबडे, लोखंडी झोपाळा आणि एका माणसाची जुनी बुलेट ठरवून आलो. मला बुलेट चालवता येत नाही. कोणी ‘घेता का’ म्हटलं की त्याचं वाक्य संपायच्या आत मी ‘घेतो’! रितेशने डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, होतं असं कधीकधी या गोळीने, आणि गोळी अर्ध्यावर आणली. बुलेट परत गेली. झोपाळा राहिला. कोंबडे पहाटे ओरडतात, तेवढी शिक्षा मी भोगतोय.

त्या चार दिवसांत तुम्ही विचारलं असतंत तर मी रितेशसाठी चार-पाच सोयरिकी ठरवून आलो असतो. तुम्हाला माणूस झटपट पाहिजे होता ना, तो असा दिसतो.

नमिता काय म्हणाली? रितेश म्हणतो, ती फोनवर सगळं बोलते, हे सोडून.

हैबतराव


पेण
२४ मार्च २०२५

हैबतराव यांस,

कोंबड्यांचं वाचून कमळी आणि मी इतक्या हसलो की पापडाचं पीठ वाळलं. हसले म्हणून राग गेला असं समजू नका.

नमिता काय म्हणाली विचारता. तिला मी स्पष्ट विचारलं, ‘पोरी, हे असं आहे. पुढे वाढत जाणार. सासू नाही, नणंद नाही, सगळं तुझ्यावर येईल. आता बोल, हो की नाय?’ तर ती काय म्हणाली माहितीय? ‘आये, विचार करते.’

माझ्या घरात! माझ्या पोटची पोर! मला म्हणते विचार करते!

रोज सकाळी विचारते, ती पापड उलटायला उन्हात जाते. रोज संध्याकाळी विचारते, ती पापड गोळा करायला जाते. एवढे पापड आम्ही वाळवतसुद्धा नाही. रागावून बघितलं, गोड बोलून बघितलं, शिवाला मध्ये घातला. तो तिला म्हणाला, ‘गो, मामाला तरी सांग.’ तिने त्याला ताक दिलं. तो ताक पिऊन घरी गेला.

मला झोप नाही. गप्प बसलेला माणूस ‘नाही’च म्हणत असतो असं नाही, हे तुम्ही मला शिकवलंत. उपकार झाले. पण तो ‘हो’ म्हणतोय असंही नाही ना! मग मधल्या मध्ये मी काय करू? तिला नाही म्हणायचं असेल तर मी एका शब्दाने तिला बोलणार नाही. आणि खरं सांगू, तिने नाही म्हणावं असंही मला आता वाटत नाही. हे कोणाला सांगू नका.

तुम्ही वाट बघायला लावण्यात हुशार. बघायची कशी ते जमत असेल तर कळवा.

इंदुबाई


रोहा
१ एप्रिल २०२५

इंदुबाई यांस,

तारीख बघून हसू नका, सगळं खरं लिहितोय.

नमिता तीन-चार दिवसांपूर्वी येऊन गेली. एकटी. दिवा-रोहा गाडीने आली, स्टेशनवरून रिक्षा केली. रितेश शिफ्टला गेलेला होता, तिने ते बघूनच वेळ साधली असणार. तुम्हाला सांगितलं नव्हतं हे मला तिच्या तोंडावरूनच कळलं. पोरगी तुमची आहे, पण पोटात ठेवायला शिकलीय.

त्या दिवशी सकाळी फोन करून म्हणाली, येतेय. म्हणून मी दुपारची गोळी मुद्दाम लांबवली. डॉक्टरांना कळलं तर ते ओरडतील. पण म्हटलं, मुलीला खरा माल दिसू दे, रंगवलेला नको.

झोपाळ्यावर बसली. इकडचं तिकडचं काही नाही. सरळ म्हणाली, ‘बाबा, मला सून म्हणून नेताय की आया म्हणून?’

इंदुबाई, माझं थांबणं आता तुम्हाला ओळखीचं झालंय. पण या वेळी नुसता आजार नव्हता. मी खरंच विचार करत होतो. कारण गोड उत्तर जिभेवर तयार होतं, आणि ते खोटं होतं. रस्त्यावरून धाटावची बस गेली. शेजारच्या वनिताने दोनदा डोकावून बघितलं, ‘काका, बरं हाय ना?’ विचारलं. नमिता झोपाळा पायाने थांबवून बसली होती. तिने घड्याळ बघितलं नाही, फोन बघितला नाही, ‘राहू दे’ म्हणाली नाही. एवढा वेळ कोणी माझ्या तोंडाकडे शांतपणे बघत बसलेलं मला आठवत नाही.

मग मी म्हणालो, ‘आज सून. पुढे कधीतरी आया लागेल. लागणार नाही असं सांगून तुला नेणार नाही. पण ते मी रितेशकडे मागेन, तुझ्याकडे नाही. तू आपणहून केलंस तर घेईन, नाही केलंस तर तोंड वाकडं करणार नाही. तसंही माझं तोंड वाकडं व्हायला वेळ लागतो.’

ती हसली. माझ्या पाया पडली आणि निघाली. दारातून म्हणाली, ‘आईला मी सांगेन, तुम्ही पत्रात काही लिहू नका.’ मी मान हलवली. तोवर ती रिक्षात बसली होती, त्यामुळे ते वचन धरता येत नाही.

पण तिचं उत्तर मलाही माहीत नाही. तुम्ही विचारलं होतं, वाट बघायची कशी. मला वाटायचं या कामात आपला हात कोणी धरणार नाही. त्या दिवसापासून दारातच बसून आहे. टपालवाला दिसला की उठायला लागतो. लवकर कळवा हो. एकदा स्पीड पोस्ट करा.

हैबतराव


पेण
४ एप्रिल २०२५

व्याहीबुवा,

नमिताने काल रात्री भांडी घासता घासता सांगितलं. शब्द न् शब्द लिहिते. ‘आये, हो. पण लग्न यंदाच करू, पुढच्या वर्षावर नको. बाबा स्वतःच्या पायांनी वरातीत चालतायत तोवर.’

मी आपली हातातलं पातेलं धरून चुलीकडे बघत बसले. ती म्हणाली, ‘आये, ऐकलंस ना?’ तरी माझ्या तोंडून शब्द फुटेना. आणि मला तर कसलाही आजार नाही.

आज सकाळपासून उभी आहे. भटजींना गाठलं, एप्रिल सरता सरता मुहूर्त आहे, तो धरला. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर येईपर्यंत पावसाळा लागला असता. जेवणाला सांगितलं, मंडपवाल्याला सांगितलं. शिवा म्हणाला, ‘ताय, दम तरी खा.’ मी म्हटलं, दम धरायची जागा वेगळी आहे.

मग बेंजोवाल्याकडे गेले. त्याला म्हटलं, ‘मारुतीच्या देवळापासून आमच्या मंडपापर्यंत वरात येईल. उडतं गाणं वाजवायचं नाय. ठेका धीमा आणि सारखा धरायचा, मध्ये तोडायचा नाय.’ तो म्हणाला, ‘मावशी, पोरांना नाचायचं असतं.’ मी म्हटलं, ‘पोरं नाचतील की, ती कशावरही नाचतात.’ नमिताने फोनवर तुमच्या डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले, ठेका कानावर पडत असला की पाय चांगला उचलतो. तिला हे सगळं आधीच विचारून झालं होतं, आणि मी आपली रोज विचारतेय, हो की नाय.

बेंजोवाला मग म्हणाला, ‘एवढ्याशा रस्त्याला असं वाजवलं तर दुपार होईल, मावशी.’ मी म्हटलं, ‘होऊ दे. नवरदेवाच्या पुढे त्याचा बाप चालेल, आणि बापाच्या पुढे कोणी एक पाऊल टाकायचं नाय.’

तुम्ही सावकाश या. भटजी खोळंबले तर मी बघते, मुहूर्त टळला तर तेही मी बघते. मी मंडपाच्या दारात उभी असेन.

तुमची विहीण,
इंदुबाई